सोनू, तुझ्या त्या जास्तीच्या बीजांबद्दल

सोनू,

परवा फोनवर मी नुसतं हं हं करत होतो त्याचा राग आला असेल तुला, पण बाजूला काका बसलेला, त्याच्यासमोर हा विषय कसा काढणार, आणि खरं सांगू का मला बोलायलाच सुचेना. मम्मी म्हणाली तुम्हीच लिहा, मी लिहिलं तर भांडण होईल. म्हणून मळ्यातून आल्यावर टाइप करत बसलोय. गोडी छाटणी चालूये, बोटं आखडलीत, चुका समजून घे.

तर एग डोनेशन, म्हणजे मूल न होणाऱ्या बाईला तू तुझी बीजं द्यायची म्हणतेस ते. ऐकल्यावर पहिलं काय मनात आलं ते सांगून टाकतो, आपल्या पोरीची बीजं दिली तर उद्या तिच्या लेकराचं काय. मग मम्मीला घेऊन गंगापूर रोडला आपल्या डॉक्टर मॅडमकडे गेलो, बाकावर सगळ्या बाया आणि त्यात मी एकटा म्हातारा. मॅडम म्हणाल्या तसं नसतं हो, दर महिन्याला बरीच बीजं तयारीला लागतात, एक पिकतं, बाकीची आपोआप जिरून जातात, इंजेक्शनने त्या जिरणाऱ्यांनाच वाढवतात. म्हणजे ती भीती गेली. दुसरी नाही गेली.

तू हसत म्हणालीस, पप्पा नाहीतरी मला पीसीओडी आहे, माझ्याकडे जास्तच आहेत. पीसीओडी म्हणजे ओव्हरीत बीजं नीट पिकत नाहीत आणि पाळी चुकते तो त्रास. हे जास्त म्हणजे काय ते मला द्राक्षांमुळे चटकन कळलं. घडाची विरळणी केली तरच मणी फुगतो ना. तुझ्या अंगात ती विरळणीच होत नाही, सगळे मणी बारीक राहून अडकून बसतात, सोनोग्राफीत लोक त्यांनाच गाठी म्हणतात, त्या गाठी नसतातच, न पिकलेली बीजं असतात. आता विरळणी न केलेल्या घडाला जीएचं डिपिंग दिलं, म्हणजे मणी फुगवायच्या औषधात घड बुडवला, तर काय होतं तू लहानपणी पाहिलंयस. सगळे मणी एकदम फुगतात, दाटतात, तडकतात.

तुझ्या पोटात तेच होऊ शकतं. 10-12 दिवस रोज इंजेक्शन, मग बीजं शेवटची पिकवायला एक ट्रिगरचं, त्यानंतर साधारण 36 तासांनी भूल देऊन सुईने बीजं काढतात. पीसीओडीवाल्या पोरींच्या ओव्हरीज या औषधांना जास्तच रिस्पॉन्स देतात, मग रक्तातलं पाणी झिरपून पोटात साठतं, वजन भराभर वाढतं, श्वास लागतो, फार वाढलं तर रक्ताच्या गुठळ्या आणि ॲडमिट. ओएचएसएस म्हणतात त्याला. सगळ्यांना होतं असं नाही, पण तुझ्यासारखीला धोका जास्त, आणि आकडा बघून तुला बेस्ट डोनर म्हणणारी ती मैत्रिणीच्या ओळखीची बाई हे बोलली का? नाही बोलली. तुझा एएमएच, म्हणजे बीजांचा साठा सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, जास्त आहे म्हणून ती खूश, आणि मला काळजी आहे ती त्याच एएमएचची.

त्या बाईने पैसे सांगितले तिथेच माझं डोकं सणकलं. 2021 चा कायदा आहे, बीज विकायला बंदी आहे. डोनर 23 ते 35 वयाची, आयुष्यात एकदाच द्यायचं, आणि 7 च्या वर बीजं काढायची नाहीत. पण बघ, 7 हा आकडा कायद्याचा, इंजेक्शनला कायदा कुठे कळतो, फुगायची तर पंचवीसही फुगतील.

तू म्हणशील पप्पांचा नकार आहे. तसं नाही गं. तू लग्नानंतर 6 वर्षांनी झालीस. नवश्या गणपतीला किती खेटे घातले, कोणाच्या डोहाळजेवणाला मम्मी गेली की रात्री जेवायची नाही. तिचीही पाळी चार-चार महिने यायची नाही, हनुवटीवर केस, आत्याबाई तिला तोंडावर बोलायच्या आणि मी गप्प बसायचो, ते अजून टोचतं. पीसीओडी हा शब्द आमच्यापर्यंत आलाच नव्हता. हे घराण्यातून येतं म्हणतात, म्हणून फॉर्मवर आजार विचारला तर लपवू नको, घेणाऱ्या बाईलाही कळलं पाहिजे. कोणाची ओटी भरावी असं तुला वाटलं याचं मला बरंच वाटलं, मम्मीला सांगितलं नाहीये हे.

द्यायचंच असेल तर रजिस्टर्ड ठिकाणी, आणि आधी विचार की ट्रिगर कुठलं देणार. एचसीजीने ते पाणी व्हायची भीती वाढते, त्याच्याऐवजी ल्युप्रोलाइडसारखं देता येतं, त्याने धोका बराच कमी होतो असं मॅडम म्हणाल्या. डोनरचा 12 महिन्यांचा इन्शुरन्स मूल हवं असणाऱ्या जोडप्याने काढायचा असतो, तो कागद हातात घे. आणि रात्री 2 ला पोट फुगलं तर फोन कोण उचलणार ते नाव-नंबरासकट लिहून घे. यातलं एकही उत्तर गोलमाल आलं तर उठून यायचं, लाजायचं नाही.

आणि शुगर कधी चेक केलीस शेवटची? आजीला होती, पीसीओडीत लवकर होते. ती बाई बाजूला राहू दे, आधी हे कर.

शनिवारी येशील तेव्हा सोनोग्राफीची फाईल आण, मॅडमनी 11 ची वेळ दिलीये, मी बाहेर बसेन, आत तू आणि मम्मी जा. द्वारका चौकात उतरलीस की फोन कर, गाडी घेऊन येतो.

तुझे पप्पा