आरूची शाळा आणि घरातल्या भाषा

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली शाळेची पुस्तिका सावकाश वाचली. "आई, आता घरी इंग्रजीच बोलायला लागू का, नाहीतर आरू पहिलीत मागे पडेल," असं तू विचारलंस, तेव्हा मी नुसतं "अजिबात नको" म्हणाले. आरू फोन ओढत होता, त्यामुळे कारणं सांगायची राहून गेली. ती आता नीट लिहिते.

फीबद्दल मी काही बोलत नाही, ते तुम्ही दोघांनी विचार करून ठरवलंय. अभ्यासक्रम मात्र मला मनापासून आवडला. आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेचा, हा प्राथमिक कार्यक्रम, ज्याला तुम्ही पीवायपी म्हणता, 1997 साली सुरू झाला आणि तो 3 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात सहा मोठे विषय आहेत: आपण कोण आहोत, आपण कोणत्या काळात आणि ठिकाणी आहोत, आपण मनातलं कसं व्यक्त करतो, जग कसं चालतं, माणसं आपली व्यवस्था कशी लावतात आणि ही पृथ्वी सगळ्यांनी मिळून कशी वापरायची. एक विषय घेतला की काही आठवडे त्याच्यातच राहायचं. गणित, विज्ञान, भाषा, चित्रकला, सगळं त्याच्या अंगाने येतं. शेवटच्या वर्षी मुलं स्वतः एक प्रश्न निवडतात, त्याचा शोध घेतात आणि प्रदर्शन भरवून सगळ्यांसमोर मांडतात. महापालिकेच्या शाळेत परिसर अभ्यास शिकवताना मी पोरांना तलावपाळीवर घेऊन जायचे ना, त्याच वाटेने जाणारं हे शिक्षण आहे. म्हणून माझा त्यावर विश्वास बसतो.

पण या पद्धतीत सगळं मुलाच्या प्रश्नांवर चालतं. आणि आरूचे प्रश्न आज मराठीत येतात, हे तू लक्षात घे.

मागच्या खेपेला मी त्याला नेरूळच्या खाडीवर नेलं होतं. ओहोटी होती. तिवरांच्या मुळांमध्ये नुसता चिखल, आणि त्यात निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. आरू पालथा पडून बघायला लागला. मासा आहे तर पाण्याबाहेर मरत कसा नाही? मी सांगितलं, ती अंग ओलं ठेवते, ओल्या कातडीतूनही श्वास घेते आणि कल्ल्यांत थोडं पाणी धरून ठेवते. मग पाणी परत आलं की ती कुठे जाते? पाणी आणतं कोण? चंद्राचं नाव निघालं तशी स्वारी उठून बसली. "म्हणजे पौर्णिमेला तिचं घर जास्त बुडतं?" मी म्हटलं, हो, आणि अमावास्येलासुद्धा उधाण येतं. तर कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "पण तेव्हा तर चंद्र दिसतच नाही! मग तो असतो कुठे?" घरी येईपर्यंत रिक्षात तेच चाललं होतं.

आता शाळेच्या भेटीचा दिवस आठव. बाईंनी खाडीचंच चित्र दाखवून त्याला इंग्रजीत बोलतं केलं. फिश, वॉटर, बोट, बर्ड. बाई प्रेमळ होत्या, आरूही घाबरला नव्हता. पण "जर", "तर", "मग", "म्हणजे" यांनी एक विचार दुसऱ्याला जोडायचं बळ त्याच्या इंग्रजीत अजून आलेलं नाही. ते येईल, शाळा आणेलच. तोवर घरातलं मराठी काढून घेतलंस तर दिवसभर त्याच्याकडे फक्त फिश आणि बोट उरेल, आणि ते मला बघवणार नाही.

कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी यावर खूप काम केलंय. मैदानावर खेळण्याबोलण्यापुरती नवी भाषा मुलाला दोनेक वर्षांत येते, पण त्या भाषेत धडा समजून घेणं, कारणं देणं, लिहिणं याला पाच ते सात वर्षं लागतात, असं ते सांगतात. आणि एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत कामाला येते. आरूला भरती-ओहोटी मराठीत कळली असेल तर इंग्रजीत त्याला ती पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावी लागणार नाही, फक्त मांडायला शिकावं लागेल. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं म्हणतं. तुम्ही इंग्रजी माध्यम निवडलंय, तर ती बाजू घराने सांभाळायला हवी.

"आधीच मराठी, मल्याळम, हिंदी, त्याचा गोंधळ होतो," असं तू म्हणालीस. मला तसं दिसत नाही. अच्छम्माकडे, म्हणजे तुझ्या सासूबाईंकडे, वळला की तो मल्याळम बोलतो, माझ्याकडे वळला की मराठी. कधी एकाच वाक्यात तिन्ही मिसळतो, ते या वयात चालायचंच. तुझ्या सासूबाईंना मुद्दाम सांग, त्यांच्या गोष्टी त्यांच्याच भाषेत चालू राहू देत. उगाच मोडक्या इंग्रजीत सांगायला लावू नकोस त्यांना.

शाळा नवा विषय सुरू करताना घरी कळवते, असं पुस्तिकेत आहे. ते पत्र आलं की त्याच विषयावर घरी आपापल्या भाषेत बोला. पाण्याचा विषय निघाला तर नळाला पाणी कुठून येतं हे मोरबे धरणापासून सांगा, जमलं तर एका रविवारी खालापूरकडे घेऊन जा.

आता शाळेत मराठी कसं शिकवतात ते बघ. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवणं बंधनकारक आहे, त्यामुळे तास असणारच. पण त्या तासाला काय करतात? वर्षभर फळाफुलांची नावं आणि एक बडबडगीत एवढंच असेल तर आरूसारख्या मुलाला ते फार कमी पडेल. ग्रंथालयात मराठी गोष्टीची पुस्तकं आहेत का, मराठीच्या बाई आणि वर्गाच्या बाई एकत्र बसून विषय आखतात का, मुलाने आपली नोंद मराठीत लिहिली किंवा सांगितली तर चालते का, हे विचार. आयबीच्या शाळेकडे स्वतःचं लेखी भाषा-धोरण असावं लागतं. ते मागून घे आणि वाच. संकोच करू नकोस, पालकाने हे विचारायलाच हवं.

वाचनाचं माझ्यावर सोड. काना, मात्रा, वेलांटी त्याला येतेय, जोडाक्षरं राहिलीत. शनिवारी ठाण्याहून सकाळच्या नेरूळ गाडीने येते, येताना मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणते. त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे ते तेवढं बघून ठेव, आरूला अमावास्येच्या चंद्राचं उत्तर द्यायचं राहिलंय.

तुझी,
आई