दोनदा 'दोष आढळला नाही' म्हणून परत आलेल्या विमान रेडिओबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या सेवा केंद्राचा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलो आहे. आमच्या प्रशिक्षण विमानातला, विमानतळाच्या टॉवरशी बोलायचा तुमचा व्हीएचएफ रेडिओ आम्ही दोनदा तुमच्याकडे पाठवला. दोन्ही वेळा तो 'दोष आढळला नाही' असं लेबल लावून परत आला, आणि दोष तसाच होता.

रेडिओ थंड असताना १० वॉट देतो. विद्यार्थी सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या फेऱ्यांत, पाच-सहा वेळा टॉवरशी बोलला की त्याचा आवाज टॉवरला पोचेनासा होतो. त्याला मात्र टॉवरचं सगळं ऐकू येतं. मागच्या महिन्यात एकट्याने उडणाऱ्या एका मुलाला ट्रान्सपाँडरवर ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा कोड लावून टॉवरच्या हिरव्या दिव्यावर उतरावं लागलं. तो नीट उतरला. पण ती दहा मिनिटं मी खाली उभा राहून काढली आहेत.

अँटेना आणि केबल आम्ही तपासली, दोन्ही ठीक आहेत. रेडिओ दुसऱ्या विमानात बसवला, तर दोषही त्या विमानात गेला. मग तो बेंचवर, म्हणजे आमच्या चाचणीच्या टेबलावर घेतला.

आजच्या फोनवर हेच सांगत होतो. तुमच्या माणसाने विचारलं, "हे रीडिंग विमानात घेतलं का?" म्हटलं, नाही, बेंचवर. "मग ते धरता येणार नाही. विमानाबाहेर रेडिओ कसा चालेल? अँटेना कुठली?" म्हटलं, ५० ओहमचा डमी लोड लावला होता. "म्हणजे अँटेनाशिवाय ट्रान्समिट केलं. मग वॉरंटी गेली." मी शांतपणे सांगितलं, की रेडिओला डमी लोड अँटेनासारखाच दिसतो, फक्त शक्ती हवेत न जाता तिथेच उष्णता होऊन संपते. टॉवरच्या किंवा १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकणाऱ्यांच्या कानात आपली चाचणी जाऊ नये म्हणूनच तो लावतात. काहीच न जोडता पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण दाबलं तर आउटपुट ट्रान्झिस्टर उडू शकतो, हे मला माहीत आहे. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "सर, तुमच्याकडे कोणी टेक्निकल माणूस असेल तर त्याला फोन द्या ना."

बावीस वर्षं मी विमानांचे रेडिओ दुरुस्त करतो आहे. माझ्या सहीवर विमानं उडतात. मला फार लागलं हे वाक्य.

आणि विमानाबाहेरची चाचणी धरायची नसेल, तर तुमचं 'दोष आढळला नाही' कुठे ठरलं? तुमच्याही टेबलावरच ना?

आम्ही काय केलं ते लिहितो. तुमच्याच मॅन्युअलमधल्या पिन बघून जोडणीच्या तारांचा हार्नेस बनवला. रेडिओ ट्रेमध्ये बसवून २७.५ व्होल्ट दिले. मध्ये वॉटमीटर, पुढे डमी लोड. पंधरा सेकंद बोलायचं, एक मिनिट ऐकायचं, विमानात होतं तसंच. पहिल्या वेळी १० वॉट, सहाव्या वेळी ६, नवव्या वेळी ३. कनेक्टरपाशी व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर होतं, त्यामुळे दोष सप्लायचा नाही. पंख्याने रेडिओ गार केला की पुन्हा १० वॉट. सिग्नल जनरेटरवरून २ मायक्रोव्होल्ट, १००० हर्ट्झ, ३० टक्के मॉड्युलेशन देऊन रिसीव्हरही पाहिला, तो गरम झाल्यावरही उत्तम आहे. दोष ट्रान्समीटरमध्ये आहे आणि तो गरम झाल्याशिवाय दिसत नाही. तुमच्या रिपोर्टवर ट्रान्समिशनचा वेळ लिहिलाय १० सेकंद. दोन्ही रिपोर्टवर १० सेकंदच! १० सेकंदांत हा दोष कोणालाच सापडणार नाही.

दोन खेपांचं कुरिअर आम्ही भरलं आणि एक विमान एकोणीस दिवस जमिनीवर उभं राहिलं. तुमच्या कंपनीचं नाव मी स्वतः आमच्या संस्थेत सुचवलं होतं. उरलेल्या चार विमानांसाठी आता ते सुचवणार नाही.

रेडिओ तिसऱ्यांदा पाठवतो आहे, सोबत सगळी रीडिंग जोडली आहेत. निदान २० मिनिटं वरच्या क्रमाने चालवून बघा आणि प्रत्येक वेळचे वॉट लिहून द्या. ट्रान्समीटर दुरुस्त करा, नाहीतर रेडिओ बदलून द्या. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हीच रीडिंग आणि तुमचे दोन्ही रिपोर्ट डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाकडे जातील. यापुढे फोन बेंचवर बसणाऱ्या माणसाने करावा.

रेडिओ विभाग,
विमान देखभाल शाखा