स्टार्टर कोल्हापुरातच लाव

हॅनोव्हर, नोव्हेंबर

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला लागलो की तिकडं कुकरची शिट्टी होते आणि निम्मं राहून जातं. म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. हे पान फ्रिजच्या दाराला लाव.

पहिलं म्हणजे, पिंट्या कितीही मागे लागला तरी माझ्याकडचा स्टार्टर, म्हणजे पाव फुगवायला लागणारं आंबवलेलं पीठ, मी पाठवणार नाही. परदेशातला असल्याशिवाय पाव फुगणार नाही, असं त्याच्या डोक्यात बसलंय. सॅन फ्रान्सिस्कोच्या साउरडोतला, म्हणजे अशाच आंबवलेल्या पिठाच्या पावातला, एक जिवाणू १९७१ मध्ये शास्त्रज्ञांनी ओळखला आणि पुढं त्याला त्या शहराचंच नाव मिळालं. नंतर तोच युरोपातल्या पावांतही सापडला, त्यामुळं मक्तेदारी कुणाचीच नाही. ‘शंभर वर्षांचा स्टार्टर’ म्हणून लोक विकतात, त्यावरही माझा विश्वास नाही. बरणीत कोण टिकणार, हे तू पीठ कुठलं घालतेस आणि ती किती उबेला ठेवतेस यावर ठरतं. दह्याला निदान शेजारून विरजण आणावं लागतं. इथं तेही नको, कारण यीस्ट आणि आंबटपणा आणणारे जिवाणू पिठातच असतात.

गिरणीतून ताजं दळून आणलेलं, न चाळलेलं गव्हाचं पीठ घे. खपलीचं असलं तरी चालेल. मैद्यानं सुरुवात करू नको, कोंड्याबरोबर बरेचसे जिवाणूही निघून गेलेले असतात. नळाचं पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात ठेव, म्हणजे क्लोरीन बराच उडून जातो. ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी काचेच्या बरणीत कालव, झाकण सैल ठेव. वाटीनं मोजू नको, वजनकाटा काढ. आपलं पीठ पाणी जास्त पितं, त्यामुळं घट्ट वाटेल. वाटू दे. रोज त्यातलं ५० ग्रॅम ठेवायचं, बाकीचं काढायचं आणि पुन्हा तेवढंच पीठ-पाणी घालायचं.

आता जिथं बहुतेक जण हात टेकतात ते सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरणी एकदम फुगते आणि वास मात्र घाण येतो. ती करामत यीस्टची नसते, पिठातले दुसरेच जिवाणू वायू सोडत असतात. पीठ आंबट होत गेलं की त्यांचा निभाव लागत नाही आणि बरणी गप्प होते. आई म्हणेल, मेलं ते, टाक. टाकू नको. त्या शांततेत आंबटपणा मानवणारे जिवाणू आणि यीस्ट जम बसवत असतात. पीठ-पाणी चालू ठेव. काही दिवसांनी पुन्हा बुडबुडे येतात आणि वास आंबटगोड होतो.

इथले लोक हे हौसेपोटी करत नाहीत. त्यांच्या पावात राय असते, म्हणजे गव्हासारखंच एक धान्य. रायच्या पिठातली एन्झाइमं भाजताना स्टार्चचे तुकडे करतात आणि आतला गर चिकट राहतो. आंबटपणा त्यांना आवर घालतो. जर्मनीनं २०१४ मध्ये आपली पाव-संस्कृती राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातली, यात मला नवल वाटत नाही. पिठाच्या पुडीवरचा ११५० हा आकडासुद्धा १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा असतो. कोंडा जास्त, तर राख जास्त. बाबांना हे सांग, त्यांना असलं आवडतं.

माझ्या वेळा मात्र तू पाळू नको. इथं घरात २० अंश असतात, स्टार्टर सावकाश चढतो. तिकडं एप्रिलात तोच काही तासांत वर येऊन खालीही बसेल. बरणीला पिठाच्या उंचीवर रबर लाव आणि दुप्पट झालाय का ते बघ, घड्याळ बघू नको. उन्हाळ्यात जुना १० ग्रॅमच ठेवून ५०-५० घाल, म्हणजे खाणं त्याला पुरेल. वर करडं पाणी साचलं तर तो उपाशी आहे, बाकी काही नाही. एकदा नीट चालू झाला की फ्रिजमध्ये टाक, आठवड्यातून एकदा पीठ-पाणी दे. पण गुलाबी-नारिंगी रेघ किंवा बुरशी दिसली तर नुसतं वरवरचं काढून भागत नाही, सगळं फेक. पावसाळ्यात जास्त लक्ष ठेव.

स्टार्टर चांगला चालू लागला की रोज काढलेलं पीठ वाया घालवू नको. मिरची-लसूण वाटून घाल, थोडं बेसन आणि धिरडी टाक. खरं सांगतो, मला पावापेक्षा तीच आवडतात.

पावाला ५०० ग्रॅम पीठ (निम्मा मैदा), १०० ग्रॅम चढलेला स्टार्टर, सव्वातीनशे ग्रॅम पाणी आणि १० ग्रॅम मीठ. मळायचं-भाजायचं पुढच्या पत्रात, आधी बरणी तर चालू दे.

मी आलो की पहिल्या दिवशी मिसळ आणि तिच्याबरोबर आपला साधा स्लाइस ब्रेडच खाणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. तुझा साउरडो दुसऱ्या दिवशी.

आई-बाबांना नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद.

तुझा,
राजू