अहवाल कपाटात जाण्याआधी

चि. मृणाल हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नवीन ऑनलाइन प्रमाणपत्र आईनं बहिणींच्या ग्रुपवर टाकलं, त्यामुळे ते आता सांगली, पुणे आणि नालासोपारा इथं पोचलं आहे. अभिनंदन. पण त्याच रात्री फोनवर तू म्हणालीस, "बाबा, व्हिडिओ सगळे बघितले, परीक्षाही दिली, पण कुणी विचारलं तर चार वाक्यं धड सांगता येतील का, शंकाच आहे." ते माझ्या डोक्यातून जाईना. फोनवर काही सांगायला गेलं की तू "हो बाबा" म्हणून विषय बदलतेस, म्हणून पत्र.

एनपीटेलच्या त्या फुकट ऑनलाइन अभ्यासक्रमांना मी नावं ठेवत नाही. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं खेड्यातल्या पोरीला घरी बसून फुकट ऐकता येतात, ही लहान गोष्ट नाही. २००३ पासून हे काम चाललंय. त्याच्या दोन वर्षं आधी अमेरिकेत एमआयटीनं आपले अभ्यासक्रम जगाला खुले करायचं जाहीर केलं होतं. माझी तक्रार एवढीच, की खुलं झालं ते शिकवणं. तू पडद्यासमोर बसतेस, सर बोलतात, आठवड्याची असाइनमेंट येते, आणि तिची उत्तरं कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवर आधीच फिरत असतात. या सगळ्यात तुझा हात कुठे लागतो?

असल्या मोठ्या ऑनलाइन वर्गांची सुरुवात अशी नव्हती. २००८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स या दोघांनी एक वर्ग घेतला. फी भरलेले विद्यार्थी होते पंचवीसच्या आसपास आणि फुकट येऊन बसलेले २,२०० च्या वर. त्या गर्दीला नुसतं ऐकत बसायला सांगितलं नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्याला काय कळलं, काय पटलं नाही ते आपापल्या जागी लिहायचं, दुसऱ्याचं वाचायचं, वाद घालायचा. आणि त्या लिखाणाचे धागे रोज एका पत्रकात सगळ्यांना मिळायचे. वर्गाचा निम्मा मालमसाला विद्यार्थ्यांनीच तयार केला म्हण ना. पुढे २०१२ मध्ये मोठ्या कंपन्या आणि मोठी विद्यापीठं यात उतरली, लाखांनी माणसं आली, आणि फळा पुन्हा एका बाजूला व बाकं दुसऱ्या बाजूला गेली. लाखभर लोकांना बोलतं करण्यापेक्षा लाखभर लोकांना व्हिडिओ दाखवणं सोपं, दुसरं काय.

आता माझं सांगतो. निवृत्तीनंतर मी लॅपटॉपवर काय करत असतो असं तू आईला विचारलंस म्हणे. विकिस्रोत, म्हणजे जुन्या पुस्तकांचं इंटरनेटवरचं खुलं ग्रंथालय, तिथं प्रुफं वाचत असतो. छापखान्यात जन्म गेला, खोड जायची नाही.

काम असं असतं. जुन्या मराठी पुस्तकाचं पान स्कॅन करून चढवलेलं असतं. पडद्यावर एका बाजूला ते पान, दुसऱ्या बाजूला यंत्रानं वाचून काढलेला मजकूर. यंत्राला 'घ' आणि 'ध' नीट कळत नाही, 'भ' चा 'म' करतं, आणि कागदावर डाग असला तर त्याचं टिंब करून मोकळं होतं. त्यात ही पुस्तकं १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची, म्हणजे 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत' असे अनुस्वार पानभर सांडलेले. माझा हात ते उडवायला शिवशिवतो, पण तिथं मूळ छापलं तसंच ठेवायचं असतं. पान न तपासलेलं असेल तर त्याची खूण लाल. मी तपासलं की पिवळी. हिरवी करायची तर दुसऱ्या कुणीतरी पुन्हा वाचावं लागतं. पिवळी ज्यानं केली त्याला हिरवी करताच येत नाही. छापखान्यात मालकाला एवढी अक्कल असती तर आमची निम्मी शुद्धिपत्रं टळली असती.

कोणतं पुस्तक तिथं चालतं याचा कायदाही मला याच कामात कळला. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. आधी ही मुदत पन्नास होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले; १९९१ संपताना त्यांच्या पुस्तकांचे हक्क संपणार, म्हणून सरकारनं ती दहा वर्षांनी वाढवली. त्यामुळे १९५० साली गेलेल्या साने गुरुजींची पुस्तकं २००१ ऐवजी २०११ मध्ये मोकळी झाली. हे मला कुठल्या व्याख्यानातून कळलं असतं तर चहा संपायच्या आत विसरलो असतो. एका पुस्तकाला हात लावावा की नाही यावर तिथल्या चावडीवर, म्हणजे चर्चेच्या पानावर, एका परक्या माणसाशी वाद झाला, म्हणून लक्षात राहिलं. तो कुठला, कोण, मला अजून माहीत नाही.

तुझ्याकडे येतो. पुढच्या सत्रात तुमचं रावे, म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायचं सत्र. कृषिकन्या म्हणून गावात राहशील, माती परीक्षण, बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रणाची प्रात्यक्षिकं करशील, शेवटी जाड अहवाल लिहून बाइंडिंग करून देशील. सुमितदादाचा तसला अहवाल आपल्या माळ्यावर आहे. मी परवा चाळला. त्यात गावच्या विहिरींची, पीकपद्धतीची इतकी चांगली नोंद आहे, आणि ती त्याच्या सरांशिवाय कुणी वाचलेली नाही. सरांनीही पहिलं आणि शेवटचं पान सोडून वाचली असेल अशी खूण आत दिसत नाही. डेव्हिड वायली नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकांनी २०१३ साली अशा गृहपाठाला सरळ फेकून द्यायचा गृहपाठ म्हटलं: पोरांना लिहायचा कंटाळा, मास्तरांना तपासायचा कंटाळा, आणि तपासून झाला की कचरा. त्यांचं म्हणणं, तेवढ्याच कष्टात असं काहीतरी करायला द्या जे दुसऱ्याच्या कामी येईल आणि ज्यात पुढची बॅच भर घालू शकेल. मला हे शंभर टक्के पटलं.

म्हणून माझी सूचना. अहवालातला एक विषय निवड आणि तो मराठी विकिपीडियावर नीट लिही. तिथले शेतीचे लेख उघडून बघ, कित्येक दोन-चार ओळींचे आहेत, संदर्भाचा पत्ता नाही. इंग्रजीत साठ लाखांच्या वर लेख आणि मराठीत लाखाच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपण मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर होतो.

विषय मी सुचवू? हुमणी, उसाची मुळं खाणारी कीड. आबाकाकांचा ऊस मागच्या वर्षी कसा बसला ते तू बघितलंयस, पिवळं पडलेलं बेट हातानं ओढलं की मुळासकट वर येत होतं. तेव्हा त्यांनी त्यांच्या ग्रुपवर फोटो टाकून विचारलं होतं, "यावर काय मारू?" उत्तरं धडाधड आली, सगळी औषधांची नावं. एकानंही विचारलं नाही की महिना कोणता. तूच मला समजावलं होतंस, की खरी वेळ वळवाच्या पहिल्या पावसानंतरची. तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर बसतात, पाला खातात आणि पहाटे परत मातीत जातात. तेव्हाच फांद्या हलवून ते गोळा करायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. मादीनं अंडी घातली, अळी मोठी होऊन मुळाशी लागली, की औषध दुकानदाराचं भलं करतं. आणि एकट्यानं गोळा करून भागत नाही, शेजारच्या बांधावरच्या झाडावरचे भुंगेरे आपल्याच उसात उतरणार, म्हणून गावानं मिळून करायचं. हे सगळं तुला पाठ आहे. व्हिडिओतून नव्हे, काकांच्या रानात आणि तुझ्या कीटकशास्त्राच्या मॅडमना छळून शिकलीस.

आता कुणी म्हणेल, मोबाईलमधल्या एआयला मराठीत विचारलं की उत्तर मिळतं, लेख कशाला? अगं, ते यंत्रही असलं उघडं लिखाण वाचूनच शिकलं आहे. मराठीत आपण काही ठेवलंच नाही तर ते परक्या मुलखातल्या किडीची माहिती आपल्या उसाला चिकटवणार.

लिहिताना काही पथ्यं. विद्यापीठाच्या कृषिदर्शनीतला उतारा जसाच्या तसा उचलायचा नाही, वाचून आपल्या शब्दांत लिहायचं आणि खाली संदर्भ द्यायचा. "आमच्या काकांच्या रानात असं झालं" हेही तिथं चालत नाही, कुठेतरी प्रसिद्ध झालेला, विश्वासार्ह पुरावा लागतो; त्या अनुभवाला अहवालात जागा दे. आधी धूळपाटीवर, म्हणजे तिथल्या सरावाच्या पानावर, खरडून बघ. तू लिहिलेलं लोक बदलतील, काही वेळा चुकीचं बदलतील. चिडायचं नाही. 'इतिहास पहा' दाबलं की कुणी कधी काय बदललं ते सगळं दिसतं, 'चर्चा' पानावर कारण विचारायचं. आणि परवाना वाच: तुझा मजकूर कुणीही घेऊ शकतो, बदलू शकतो, छापून विकूही शकतो, फक्त श्रेय द्यायचं आणि पुढच्यालाही तीच मुभा ठेवायची. उद्या एखाद्या खतवाल्याच्या दिनदर्शिकेत तुझा परिच्छेद दिसला तर भांडायला जाऊ नकोस, श्रेय दिलंय का तेवढं बघ.

"मी अजून शिकतेय, मी काय लिहिणार" असं तू म्हणणार, मला माहीत आहे. संदर्भ शोधताना तुला कळेल की वर्गात लिहून घेतलेल्या टिपणांतलं किती तू तपासून न बघताच मानलंयस. फोनवर जी शंका बोलून दाखवलीस, तिचं उत्तर मला तरी यातच दिसतं. मार्क यातून मिळतील का? तुमच्या मॅडमना विचार. माझा अंदाज, मिळणार नाहीत. तरी कर.

लेख झाला की मला दुवा पाठव. शुद्धलेखन मी बघीन, पण कीटकशास्त्रातलं मला कळत नाही, तिथं मॅडमनाच पकड. रावेला कुठलं गाव मिळालं तेही कळव, आईला डब्यांचा हिशेब करायचा आहे.

तुझा,
बाबा

ता. क. आबाकाकांनी काढलेला अळीचा फोटो लेखात छान दिसेल, पण तू तुझ्या नावानं चढवू नकोस. ज्यानं काढला त्यानंच परवाना द्यायचा असतो आणि तोंडी 'घे की' तिथं चालत नाही. ग्रुपवर फिरत आलेले बाकीचे फोटो तर विसरच. काकांनाच खातं उघडायला लाव. मोबाईल येत नाही म्हणतील, विश्वास ठेवू नकोस. बाजारभाव बघायला बरोबर येतो.