फरारबाई आणि आमची मंडळी

नगर, रविवार संध्याकाळ

प्रिय सुमे,

तुझ्या लेकीचा फोन आला होता. शाळेच्या प्रकल्पासाठी विचारत होती, "मावशी, सावित्रीबाईंना नगरला शिकवणाऱ्या फरारबाई तुमच्या चर्चच्या का गं?" हो म्हटलं, आणि मग दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

सिंथिया फरार 1827 साली मुंबईला आल्या. लग्न न केलेली, एकटी अमेरिकन बाई, जहाजातून! 1839 मध्ये त्या नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये इथंच गेल्या. त्यांना पाठवणारं अमेरिकन बोर्ड, म्हणजे तिथली मिशनरी संस्था, मुख्यतः काँग्रिगेशनल या ख्रिस्ती पंथाचं. या पंथात बिशप नसतो, स्थानिक मंडळीच आपला कारभार बघते.

आता गंमत बघ. त्याच 1839 मध्ये 'अमिस्टाड' जहाजावरच्या पकडून आणलेल्या आफ्रिकन लोकांनी बंड केलं आणि जहाज ताब्यात घेतलं. पुढं अमेरिकेत त्यांनाच तुरुंगात टाकलं. तेव्हा त्यांचा खटला लढवायला जी माणसं उभी राहिली, त्यांत काँग्रिगेशनल मंडळी बरीच होती. 1841 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना मोकळं केलं. हे मी मुलांना छाती फुगवून सांगते. पण बोर्डानं गुलाम बाळगणाऱ्यांच्या देणग्या घेणं थांबवलं नव्हतं, हे सांगताना आवाज आपोआप खाली येतो. त्यावर चिडूनच काही जणांनी 1846 मध्ये वेगळी मिशनरी संस्था काढली. गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांसाठी फिस्कसारखी विद्यापीठं त्यांच्याच खटपटीतून उभी राहिली.

आपल्याकडं तरी काय वेगळं? माझे पणजोबा महारवाड्यातले. मिशनच्या शाळेत अक्षरं गिरवली आणि गावात आलेली पत्रं वाचून दाखवायला लागले. ज्यांच्या ओट्यावर पाय ठेवायची सोय नव्हती, त्यांचीही पत्रं. वाचायची मात्र अंगणात उभं राहून. आणि त्यांच्या पणतीचं, म्हणजे माझं, स्थळ चर्चमधल्याच एका घरानं "मूळचे कोण तुम्ही?" असं विचारून परत पाठवलं. तुला आठवतं ना, तुझ्या खोलीत येऊन रडले होते मी? पवित्र भोजनाला एका रांगेत बसतात, सोयरीक करताना रांग वेगळी!

तरी आज सकाळी उपासनेत टाळ वाजले, ना. वा. टिळकांचं भजन सुरू झालं आणि मी गुमान गायला लागले. रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' मांडला, म्हणजे येशूच्या भक्तांची मंडळी. दरबारात बाप्तिस्मा झालेला-न झालेला हा भेद नको, असं त्यांचं म्हणणं. साहेबाच्या पगारावर राहून हे जमणार नाही, हे त्यांनी ओळखलं. मला तर फरारबाईंपेक्षाही हा माणूस जवळचा वाटतो. (त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, काय वाटलं असेल, ते वेगळं! महिन्याचा किराणा भरायचा होता त्यांना.)

लेकीला दिवाळीच्या सुट्टीत घेऊन ये. आजीच्या पेटीत पणजोबांची पाटी आहे, एका कोपऱ्याला फुटलेली. ती तिला हातात घेऊन बघू दे. आणि येताना तुझ्या हातची शेंगदाण्याची चटणी आण, मागच्या वेळची बरणी चार दिवसांत संपली.

तुझी,
शालू