पर्यावरण शिकवायचंय ना, मग आधी शाळेमागची आग विझवा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

माझी नात दुसरीला आहे. प्रदूषणाचे प्रकार किती विचारलं की हवा, पाणी, जमीन, ध्वनी असं पाढ्यासारखं धडाधड म्हणून दाखवते, आम्हाला कौतुक वाटतंच. पण तिच्याच शाळेच्या मागच्या भिंतीला रोज सकाळी झाडलोट झाली की लिंबाचा पाला, वह्यांचे कागद, चिप्सची पाकिटं, फुटके पेन असं सगळं एका जागी लोटतात आन् काडी लावतात. इकडं प्रार्थना चालू, तिकडून धूर खिडकीतनं पहिलीच्या वर्गात. लेकरं खोकतात, बाई खिडकी लावून घेतात, झालं. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिलं की बाकीच्या शाळा म्हणणार आमचं बरंय. जालन्यात सकाळी जरा फिरून बघा, शाळाच कशाला, मंगल कार्यालयं, दुकानं, कॉलन्यांच्या कोपऱ्यावर सगळीकडं हेच चाललंय.

नुसता पाला जाळला तरी धूर वाईटच, पण त्यात रेक्झीन, वायरचं वेष्टण, पीव्हीसीचे तुकडे असलं काही आलं आणि ते धुमसत राहिलं तर त्यातनं डायॉक्सिन नावाचं विष निघतं, जे एकदा अंगात गेलं की चरबीत वर्षानुवर्षं साठून राहतं. आणि लहान लेकराचा श्वास आपल्यापेक्षा भरभर चालतो, वजनाच्या मानानं ते आपल्याहून जास्त हवा ओढतं, म्हणजे त्या धुराचा मोठा वाटा कोणाच्या वाट्याला जातो ते सांगायला नको. उघड्यावर कचरा जाळला तर 5000 रुपये दंड असं पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादानं 2016 सालीच सांगून ठेवलंय. आमच्या गल्लीत तो दंड भरलेला माणूस मला अजून भेटायचाय.

आता शिकवत नाहीत असं माझं म्हणणं नाही. सुप्रीम कोर्टानं 1991 सालीच सांगितलं की पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करा, आपल्याकडं तिसरीपासून परिसर अभ्यासाचं पुस्तक आहे, पुस्तक वाईट नाही. अडचण अशी की परिसर पुस्तकात आहे आणि खरा परिसर भिंतीपलीकडं, आणि मधलं गेट बंद. वर लेकराला होमवर्क येतो, प्रदूषणावर मॉडेल करून आणा. मग रात्री नऊ वाजता पालक स्टेशनरीच्या दुकानात, आणि मॉडेल कशाचं, तर थर्माकोलचं! त्यावर चमकी, स्प्रेचा रंग, कारखान्याच्या चिमणीला कापूस. दोन दिवस टेबलावर मांडतात, फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात आणि नंतर ते मॉडेल जातं कुठं, त्याच मागच्या भिंतीला. सजावटीचं थर्माकोल 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहे साहेब. बंदी घातलेल्या प्लास्टिक वस्तूंची ती यादी कोणी वर्गात वाचून दाखवत नाही याचंच मला नवल वाटतं, कारण ती यादी मोठ्यांची कमी आन् लेकरांचीच जास्त आहे, फुग्याची, गोळीची, आइस्क्रीमची प्लास्टिकची काडी, प्लास्टिकचे झेंडे. पंधरा ऑगस्टला ज्याच्या त्याच्या हातात काय असतं ते आठवा.

आणि तो पाच जूनचा पर्यावरण दिन. आपल्याकडं शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, म्हणजे पाच जूनला लेकरं मामाच्या गावाला असतात आणि सर लोक रोपाला हात लावून फोटो अपलोड करतात. यात सरांना नावं ठेवायची नाहीत मला, त्यांच्यामागं ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशोब, निवडणुकीची ड्युटी, एक का काम आहे. पण फोटोनं लेकराला काय कळणार.

मला विचाराल तर पाचवीच्या आतल्या लेकरांना ओझोन, ग्लोबल वार्मिंग हे सगळं नंतर सांगा. आधी त्यांना आपल्या जालन्यातनं वाहणारी कुंडलिका नदी दाखवा. एकच नदी, दोन ठिकाणी. सकाळी घाणेवाडीच्या तलावावर न्या, निजामाच्या काळातला तलाव, तिथून पाणी मोटार न लावता नुसत्या उतारानं गावात यायचं हे ऐकूनच पोरं तोंडात बोट घालतात. तिथं पाण्याला हात लावू द्या, बगळे मोजू द्या. आणि मग परत येऊन गावातल्या पुलावर उभं करा, नाक दाबून का होईना पाच मिनिटं उभं करा, आणि विचारा की मधे काय काय झालं असंल. सांगू नका, विचारा. लेकरं बरोबर सांगतात, कोणाच्या घरामागची मोरी कुठं जाते हे त्यांना आपल्याहून जास्त माहीत असतं. संभाजीनगरवाल्यांनी खाम नदीवर न्यावं, नांदेडवाल्यांनी गोदावरीच्या घाटावर, परळीच्या लेकरांना तर वीज केंद्राची राख दारातच बघायला मिळते. प्रत्येक गावाला आपापला धडा आहे, फार लांबही जावं लागत नाही.

दुसरं, भंगारवाल्या दादाला वर्गात बोलवा. खरंच. त्याच्यापुढं एका आठवड्याचा सुका कचरा मांडा आणि तो काय घेतो, काय घेत नाही ते लेकरांना बघू द्या. रद्दी घेईल, पुठ्ठा घेईल, दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, लोखंड, पत्रा घेईल. चिप्सचं चकचकीत पाकीट मात्र बाजूला सारणार. का बरं, तर त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा बारीक थर असे एकमेकाला चिकटलेले असतात, ते वेगळे करणं परवडत नाही. पाच रुपयाचा पुडा खाऊन दोन मिनिटात संपतो आन् त्याच्या पाकिटाला गिऱ्हाईक नाही, हे लेकराला एकदा डोळ्यानं दिसलं ना की भाषण द्यायची गरज राहत नाही. आणि मग शाळेच्या गेटवर जी टपरी आहे तिच्यात शेंगदाणा चिक्की का नाही हा प्रश्न लेकरंच विचारतील, तेव्हा शाळेनं उत्तर तयार ठेवावं.

कुंडीत माती भरून एका बाजूला केळीचं साल, लिंबाचा पाला आणि दुसऱ्या बाजूला तेच पाकीट पुरून ठेवायचं, रोज थोडं पाणी, दिवाळीच्या सुट्टीनंतर उकरायचं, हे बऱ्याच जणांना माहीत आहे पण करतं कोण. तुरटीचं पण तसंच. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो हे आमच्या आईला माहीत होतं, पण त्याच पाण्यात आधी मूठभर मीठ टाका आणि निवळल्यावर थेंबभर जिभेवर ठेवायला लावा. पाणी काचेसारखं आणि चव खारट. दिसायला स्वच्छ ते प्यायला चांगलं असंलच असं नाही, एवढं दुसरीच्या पोरीला कळलं तरी पुष्कळ झालं.

एक गोष्ट मात्र शहरातल्या पुस्तकात येत नाही आणि आमच्याकडं सगळ्यात आधी यायला पाहिजे, ती म्हणजे फवारणीचे डबे. हा कापसाचा भाग, घरोघर औषधाच्या बाटल्या. रिकामी बाटली विहिरीच्या कडेला, नाल्यात, नाहीतर धुऊन तिच्यातच पाणी भरून शेतात नेलेली मी बघितली आहे. औषधाच्या डब्यावर एक चौकोन असतो उभा टोकावर ठेवल्यासारखा, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा पण विषच, फक्त कमी. ज्या लेकराला अजून वाचता येत नाही त्याला रंग तर ओळखता येतात ना! अंगणवाडीत सफरचंद लाल, पान हिरवं शिकवता, त्याच्या शेजारी हे पण शिकवा, की असा चौकोन दिसला की हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची. यात खर्च शून्य आहे.

ध्वनी प्रदूषणाबद्दल काय लिहावं. शाळेपासून 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, असं नियम सांगतो. आणि मिरवणुकीचा डीजे शाळेच्या गेटसमोर थांबून वाजतो, काचा थरथरतात, आतमध्ये ध्वनी प्रदूषणाचा धडा. जाऊ द्या, त्यावर लिहायला लागलो तर पत्र छापायला जागा उरणार नाही.

काही जण म्हणतात लहान लेकरांना कशाला घाबरवता. घाबरवायचं नाहीच. म्हणून तर पृथ्वी नष्ट होणार वगैरे असली चित्रं काढून घेऊ नका, सात वर्षाच्या पोरीला रात्री झोप येत नाही त्यानं आणि करण्यासारखं तिच्या हातात काही नसतं. तिच्या हातात काय आहे तर ओला सुका वेगळा ठेवणं, घंटागाडी आली की आईला सांगणं, पिशवी नको म्हणणं. आता यातही गंमत बघा, लेकरू घरी दोन डबे करतं आन् घंटागाडीत दोन्ही डबे एकाच कप्प्यात उलटे होतात. माझ्या नातीनं गाडीवाल्या काकाला तोंडावर विचारलं, तो हसला आणि म्हणाला साहेबांना विचार. कोणत्या साहेबांना ते काही त्यानं सांगितलं नाही.

तर माझी मागणी साधी आहे. शिक्षण खात्यानं नवीन उपक्रम, नवीन ॲप, नवीन शपथ काही काढू नये. फक्त जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत कचरा जाळणं बंद करावं, पाल्यासाठी मैदानाच्या कोपऱ्यात खड्डा करावा, प्लास्टिक वेगळं ठेवून भंगारात द्यावं आणि त्याचे जे पैसे येतील त्यातून लेकरांना खडू पेन्सिली घ्याव्यात. केंद्रप्रमुख भेटीला आले की आधी हजेरीपट न बघता शाळेच्या मागं जाऊन बघावं, राख आहे का. आणि तुम्ही पण साहेब, शाळांच्या बातम्या छापताना रोप लावल्याचे फोटो थोडे कमी करून लेकरांनी नदीवर, भंगाराच्या दुकानात काय बघितलं ते त्यांच्याच शब्दात छापा की. माझी नात लिहायला तयार आहे, फक्त तिचं अक्षर लावून घ्यायला तुमच्याकडं कोणीतरी धीराचा माणूस पाहिजे.

आपला,
एक आजोबा, जालना