'रिन्यू' एवढा काही परका नाही

मा. संपादक, स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शुद्ध मराठीवरचा लेख वाचला. त्यात 'रिन्यू'ला अगदी फैलावर घेतलंय, आपण लायसन्स रिन्यू करतो, पॉलिसी रिन्यू करतो आणि 'नूतनीकरण' हा आपला शब्द अडगळीत टाकलाय वगैरे. राग कळतो हो, पण राग काढायला शब्द चुकीचा निवडला.

कारण रिन्यूतला 'न्यू' आणि नूतनीकरणातला 'नूतन' हे लांबचे भाऊबंदच आहेत. आपलं नव, लॅटिन नोव्हुस, ग्रीक नेओस, जर्मन नॉय, पारशी मंडळींच्या नवरोजमधला नव, सगळं एकाच मुळातून फुटलेलं. आपला नवरासुद्धा 'नववर'वरून आलाय, लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी तो नवराच, रिन्यू न करता (असो, हे पत्र घरी वाचलं जाणार आहे). आणि रिन्यू तरी कुठे शुद्ध इंग्रजी आहे, 'री' लॅटिनचा, फ्रेंचांच्या मार्फत आलेला, तो चौदाव्या शतकात इंग्रजांनी लॅटिन 'रेनोव्हारे'चा कित्ता गिरवत आपल्या जुन्या 'न्यू'ला पुढून चिकटवला. आपण अरबी 'गैर'ला 'समज' जोडून गैरसमज केला तसंच.

खरी गंमत अर्थाची आहे. रिन्यू म्हणजे दर वेळी नवं करणं नव्हेच. लायब्ररीत पुस्तक रिन्यू करतो तेव्हा पुस्तक तेच, पानांवरचे चहाचे डाग पण तेच, फक्त तारीख पुढे गेली. ड्रायव्हिंग लायसन्सचंही तेच, मी पंचावन्न कधीच ओलांडली त्यामुळे आता पाच-पाच वर्षांचंच मिळतं, पण नंबर जुनाच राहतो. पासपोर्टचं मात्र उलटं, आपण रिन्यू रिन्यू म्हणतो आणि फॉर्मवर असतं 'रि-इश्यू', पुस्तिका नवी आणि नंबरही नवा! भाडेपट्ट्याच्या बाबतीत तर सुप्रीम कोर्टाने १९८९ च्या एका निकालात फरकच सांगून ठेवलाय की रिन्यूअल म्हटलं की नवा करार लागतो, एक्स्टेन्शन म्हटलं की जुनाच पुढे चालतो. शिवाय इंग्रजी पेपरात हल्ला 'रिन्यू' झाला असं येतं तेव्हा त्यात नवं काहीच नसतं, पुन्हा सुरू झाला एवढंच.

आता या सगळ्याला एकच 'नूतनीकरण' कसं पुरणार? लहानपणी आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा, अंगणात खड्डा करून भट्टी पेटवायचा, भाता मारायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की भस्सकन पांढरा धूर, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने असा हात फिरवायचा की आतून चांदीसारखं लख्ख. पातेलं तेच, कडेला चेपलेलं, आजीचं नाव घातलेलं. इंग्रजीत बघाल तर ते रिन्यूच झालं, पण आजी काय 'पातेल्याचं नूतनीकरण करून आण' म्हणाली असती? कल्हई लावून आण म्हणायची. गादी पिंजून घ्यायची, देवळाचा जीर्णोद्धार करायचा, कर्जाचा कागद नवाजुना करायचा. हा 'नवाजुना' तर बँकेत पीककर्ज रिन्यू करताना शेतकरी आजही म्हणतात, त्यात नवं पण आहे आणि जुनं पण, रिन्यूपेक्षा चोख शब्द आहे.

तेव्हा लेखकांना माझी विनंती, रिन्यूला हाकलायचंच असेल तर नूतनीकरणासारखा सरकारी फलक लावू नका. लायसन्सची मुदत वाढवा, कर्ज नवंजुनं करा, आणि जमलं नाही तर रिन्यू म्हणा, भाऊबंदच आहे.

आपला,
एक जुना वाचक

ता. क. माझी वर्गणी या महिनाअखेर संपतेय, एजंट अजून फिरकलेला नाही. त्याला पाठवा.